घरातला मासा म्हातारा का होत नाही

कोल्हापुरात कोणाच्याही घरी माशांची टाकी दिसली की मी एक प्रश्न हमखास विचारते: यातला सर्वांत जुना मासा कोणता आणि तो कधी आणला? उत्तर बहुधा महिन्यांच्या हिशेबात येते. कोणी सांगते की दिवाळीत आणले होते, त्यांतला हा एक उरला. कोणी म्हणते की आधीचे सगळे उन्हाळ्यात गेले, हे परवाच आणले. टाकी जुनी असते, तिच्यातली प्लास्टिकची झाडे जुनी असतात, मासे तेवढे नवे असतात. याचे कोणाला विशेष वाटत नाही, कारण मासा हा मुळातच थोड्या दिवसांचा जीव आहे, असे आपण गृहीत धरले आहे. मासे विकणारेही तसेच मानतात. 'वर्षभर जगला तर लई झालं की ओ,' असे एका दुकानदाराने मला अगदी मनापासून सांगितले होते, आणि त्यात फसवणूक मुळीच नव्हती. त्याने इतकी वर्षे जे पाहिले तेच तो सांगत होता. परंतु ही समजूत खरी नाही. आपल्या घरांतले बहुतेक मासे आयुष्य संपले म्हणून मरत नाहीत. ते आयुष्याच्या सुरुवातीलाच मरतात, आणि ज्या कारणांनी मरतात ती बहुतांशी आपल्या हातातली असतात.

गोल्डफिशचेच पाहा. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून माणसाने पाळलेला हा मासा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या मंडईत मिळणाऱ्या रोहू-कटल्याचा नातेवाईक आहे. नीट ठेवला तर तो दहा ते पंधरा वर्षे सहज जगतो आणि वीस वर्षे जगलेल्या गोल्डफिशचे कोणा जाणकाराला आश्चर्य वाटत नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला. म्हणजे तो ४३ वर्षे जगला. आमच्या घरातला नारिंगी गोल्डफिश मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी आणलेला आहे आणि ती आता बारावीला आहे. हे सांगितले की लोकांना काहीतरी नवल ऐकल्यासारखे वाटते. वास्तविक त्यात नवल काहीच नाही. त्या माशाने त्याच्या जातीचे साधे, मध्यम आयुष्य तेवढे जगलेले आहे. नवल खरे तर सहा महिन्यांत मरणाऱ्या गोल्डफिशचे वाटायला हवे.

एंजल मासा दहा वर्षांच्या आसपास जगतो. ऑस्कर दहा ते पंधरा वर्षे जगतो. फ्लॉवरहॉर्नचे आयुष्यही दहा वर्षांच्या घरात जाते, आणि हजारो रुपये मोजून, वास्तूसाठी शुभ म्हणून घेतला जाणारा अरोवाना वीस वर्षे जगू शकतो. टाकीची काच साफ करेल म्हणून ज्याला सोडले जाते तो काळा सकर मासा दहा-पंधरा वर्षांचा सोबती असतो. पट्टेरी क्लाउन लोच वीस वर्षे ओलांडतो. हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या अंगणातल्या हौदांत दिसणारे कोई मासे पंचवीस-तीस वर्षे जगतात. जपानमधली हनाको नावाची कोई २२६ वर्षे जगली, असा दावा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. तो खवल्यावरील वर्तुळे मोजून केलेला आहे आणि इतर कोणत्याही कोईच्या वयाशी त्याचा मेळ बसत नाही, त्यामुळे मी तो धरून चालत नाही. पण तो बाजूला ठेवला तरी कोई विकत घेणाऱ्याने तो आपल्या नातवंडांच्या ओळखीचा होईल, इतका विचार आधीच करायला हवा.

सगळेच मासे दीर्घायुषी असतात असे मात्र नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून हौदांत आणि डबक्यांत सोडले जाणारे आणि घरोघरच्या टाक्यांतही दिसणारे गप्पी मासे दोन वर्षांच्या आसपास जगतात. फार झाले तर तीन. मोली आणि प्लॅटी यांचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे असते. फायटर मासा, म्हणजे बेटा, दोन ते चार वर्षे जगतो. गंगेच्या खोऱ्यातला मूळचा आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा झेब्रा मासा सरासरी साडेतीन वर्षे आणि क्वचित पाच-साडेपाच वर्षे जगतो. या लहान आयुष्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे मासा आपल्या घरी येतो तेव्हा त्याचे वय शून्य नसते. थायलंडमधल्या किंवा आपल्याकडच्या शेततळ्यांत वाढलेला नर फायटर शेपटी पूर्ण फुलल्याशिवाय विक्रीला येत नाही; त्याला तोवर निदान पाच-सहा महिने झालेले असतात, अनेकदा वर्षही झालेले असते. गप्पीची रंगीत जोडी आपण घेतो तेव्हा तिच्या आयुष्याचा चौथा हिस्सा सरलेला असू शकतो. म्हणून फायटर दोन वर्षांनी गेला, तर पाळणाऱ्याने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. तोच गोल्डफिश दोन वर्षांनी गेला, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

या आयुष्यांमधला फरक किती टोकाचा असू शकतो हे दोन उदाहरणांवरून कळेल. मोझांबिक आणि झिम्बाब्वेमध्ये पावसाळी डबक्यांत राहणारा टर्क्वाइज किलीफिश हा मासा डबके आटण्याच्या आत सगळे आयुष्य उरकतो. अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो वयात येतो, मातीत अंडी घालतो आणि काही महिन्यांत म्हातारा होऊन मरतो. पाणी भरपूर असलेल्या टाकीत ठेवला तरी त्याचे म्हातारपण टळत नाही, म्हणूनच वार्धक्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्याला वाढवतात. दुसऱ्या टोकाला शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियममधला 'ग्रँडडॅड' हा ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा आहे. तो १९३३ साली तिथे आणला गेला तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. तो मेला २०१७ च्या फेब्रुवारीत. आला तेव्हाच तो वाढलेला होता, त्यामुळे त्याचे खरे वय काचेआड काढलेल्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांहूनही अधिक होते. माशाचे वय जन्मतारीख ठाऊक नसतानाही काढता येते. अनेक जातींच्या खवल्यांवर, आणि माशाच्या कानात असणाऱ्या चुन्याच्या बारीक खड्यात, ज्याला ओटोलिथ म्हणतात, झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये पडत जातात. मात्र तो खडा मेलेल्या माशाचाच काढता येतो, त्यामुळे घरच्या पाळणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आपण आणल्याची तारीख लिहून ठेवावी हेच बरे. ती टाकीच्या मागच्या काचेवर लहानशी कागदी पट्टी लावून लिहिण्याची पद्धत मी एका जुन्या पाळणाऱ्याकडून घेतली आहे.

मग दहा वर्षांचा मासा सहा महिन्यांत का मरतो? याचे पहिले उत्तर पाण्यात असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मासा आपल्यासारखी लघवीतून युरिया टाकत नाही. त्याच्या शरीरातला बहुतेक टाकाऊ नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने थेट कल्ल्यांतून पाण्यात जातो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. टाकीत तो साचतो, आणि कल्ले जाळतो. यावर निसर्गाचा उपाय असा आहे की फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर दोन प्रकारचे जीवाणू वस्ती करतात. एक प्रकार अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच असते, ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवते. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य, आणि ते आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. अडचण एवढीच की ही वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र शनिवारी टाकी आणतो, त्याच संध्याकाळी पाणी भरून त्यात दहा मासे सोडतो, आणि मुले हौसेने दिवसातून पाच वेळा खाणे टाकतात. तिसऱ्या आठवड्यात मासे एकेक करून पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात.

हे तपासण्याचे साधन महाग नाही. एका ओळखीच्या घरी, जिथे मासे 'टिकतच नाहीत' अशी तक्रार होती, तिथे मी अमोनिया तपासण्याचा संच घेऊन गेले होते. टाकी नितळ होती, तळापर्यंत स्वच्छ दिसत होती. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेतले, दोन बाटल्यांतले थेंब मोजून घातले, नळी हलवून टेबलावर ठेवली. अमोनिया नसेल तर ते पाणी लिंबाच्या सालीसारखे पिवळे राहते. हे पाणी आधी पोपटी झाले, मग बघता बघता पालकाच्या पानासारखे हिरवे झाले. घरातल्या काकू नळीकडे आणि टाकीकडे आळीपाळीने पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, 'अगं, पण पाणी तर काल रविवारीच सगळं बदललंय.' अडचण नेमकी तिथेच होती. दर रविवारी मासे बादलीत काढून टाकी पूर्ण रिकामी करायची, खडे घासून धुवायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा करायचा, ही आपल्याकडची सर्वमान्य स्वच्छता आहे. त्या स्वच्छतेत जीवाणूंची वस्ती दर रविवारी मरते आणि सोमवारपासून टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्याऐवजी आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलाने जितके मासे वाचले, तितके कोणत्याही औषधाने वाचलेले नाहीत.

कोल्हापूरच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्या नळाला येणारे पाणी पंचगंगेचे असो की काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनने आलेले असो, ते शुद्धीकरणानंतर क्लोरीन घालूनच येते, आणि पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वासही कधी कधी अधिक जाणवतो. हा क्लोरीन माणसाला आवश्यक असला तरी माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जीवाणूंना तो घातक आहे. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले तर तो उडून जातो; घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब वापरता येतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण आपल्या काळ्या पाषाणातून येताना त्यात क्षार उतरलेले असतात आणि ते बहुधा अल्कधर्मी असते. मोली, गप्पी आणि गोल्डफिश यांना असे जड पाणी मानवते. अ‍ॅमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातून आलेल्या निऑन टेट्रासारख्या माशांना ते फारसे मानवत नाही. शिवाय पाणी जितके अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक विषारी. पंचवीस अंश तापमानाला सामू, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा (पीएच), सात असताना एकूण अमोनियापैकी जवळपास अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे पाण्यात अमोनिया तेवढाच असूनही विष दहापट. मुंबईच्या भावाच्या टाकीत जे निभावते ते आपल्या बोअरच्या पाण्यात का निभावत नाही, याचे एक कारण इथे सापडते.

दुसरे उत्तर उन्हाळ्यात आहे. मासा थंड रक्ताचा. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान. पाणी तापले की त्याच्या शरीराचे सगळे व्यवहार वेगाने चालतात, त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत टाकीचे पाणी बत्तीस अंशांवर गेलेले मी मोजले आहे, आणि गोल्डफिश हा तर वीस-बावीस अंशांत सुखी असणारा मासा. उष्णतेने आयुष्यच आखूड होते याचा पुरावाही जुना आहे. रॉबर्ट लिऊ आणि रॉय वॉलफर्ड यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका वर्षायुषी माशावर केलेला प्रयोग १९६६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थंड पाण्यात ठेवलेले मासे जास्त वाढले आणि जास्त काळ जगलेही. याचा अर्थ सगळेच मासे गार पाण्यात ठेवावेत असा नाही. फायटरला पंचवीस ते अठ्ठावीस अंश लागतात, आणि डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा पंधराच्या आसपास उतरतो तेव्हा त्याच्या टाकीत हीटर नसेल तर तो तळाशी निपचित पडून राहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडतो. गोल्डफिशला त्याच पहाटे काहीही होत नाही. म्हणूनच दोघांना एका टाकीत ठेवणे दोघांवरही अन्याय आहे.

उन्हाळ्यात पंचगंगेचे पात्र आटते, सांडपाणी मात्र येतच राहते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि शिरोळ तालुक्यात बंधाऱ्यांच्या आसपास मेलेल्या माशांचा खच पडतो. वर्षाआड नव्हे, जवळपास दरवर्षी ही बातमी आपण वाचतो. तेव्हा आपण सगळे रास्तपणे विचारतो की पाणी कोणी घाण केले, नमुने घेतले का, कारवाई झाली का. घरातल्या टाकीत मात्र तीच घटना घडली, त्याच कारणाने, तर आपण वेगळेच बोलतो. 'घरावरचं काहीतरी होतं, ते माशानं आपल्यावर घेतलं बघ,' असे माझी सासू म्हणत असे, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात ते कोणाला खटकत नसे. या समजुतीमागची भावना मला कळते. मुक्या जिवाचा मृत्यू वाया गेला नाही, तो आपल्याच भल्यासाठी गेला, असे मानण्यात कृतज्ञता आहे, आणि आजारपण असलेल्या घरात तिचा आधारही वाटतो. परंतु तिच्यामुळे पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. मासा आपले संकट घेऊन गेला, असे एकदा ठरले की पाणी कोणी तपासत नाही, नवा मासा मंगळवारी किंवा शुक्रवारी आणला जातो आणि त्याच पाण्यात सोडला जातो. आठ सोनेरी आणि एक काळा असा शुभ मानला जाणारा संच पुरा ठेवण्याच्या नादात काही घरांत वर्षाला पंधरा-वीस मासे येतात आणि जातात, आणि कोणालाही ती संख्या मोठी वाटत नाही, कारण टाकीत दिसणारे मासे नेहमी नऊच असतात.

पुराच्या दिवसांत मरणारे मासे या हिशेबात मी धरत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ज्या घरांत पाणी शिरले, तिथे माणसे आणि जनावरे बाहेर काढण्यापुढे दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. पण पाणी घरात न येताही ज्या भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, तिथल्या टाक्यांबद्दल थोडे सांगण्यासारखे आहे. वीज गेली की पहिल्यांदा खाणे बंद करावे. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो आणि न खाल्ल्याने अमोनियाही कमी होतो. दर दोन-तीन तासांनी तांब्याने टाकीतलेच पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा सोडावे, म्हणजे पृष्ठभाग हलून प्राणवायू मिसळतो. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप मिळाला तर उत्तमच. आणि वीज परत आल्यावर बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू करू नये. आतले जीवाणू प्राणवायूविना मेलेले असतात आणि ती सगळी कुजकी घाण एकदम टाकीत येते. आधी तो उघडून टाकीच्या पाण्यात खंगाळावा.

आयुष्य आखूड करणारी आणखी एक समजूत अशी की मासा टाकीच्या आकाराएवढाच वाढतो, त्यामुळे लहान टाकीत लहानच राहतो. तो लहान राहतो हे खरे, पण सुखाने नव्हे. साचलेल्या घाणीने आणि सततच्या ताणाने त्याची वाढ खुंटते. साधा गोल्डफिश वीतभराहून मोठा होणारा मासा आहे. त्याला पाच लिटरच्या गोल भांड्यात ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य वर्षांतून महिन्यांवर आणणे. फायटर अशा भांड्यात तग धरतो, कारण त्याला पृष्ठभागावरची हवा थेट घेता येते, पण तग धरणे निराळे आणि जगणे निराळे. त्यालाही पंधरा-वीस लिटर पाणी आणि झाकण असलेली टाकी हवी. टाक्यांत 'शार्क' म्हणून विकले जाणारे बोटभर लांबीचे चंदेरी मासे तर मासळी बाजारात मिळणाऱ्या पंगासचीच पिल्ले असतात. तो मासा मीटरभर वाढू शकतो आणि वीस वर्षे जगू शकतो. घरातल्या कोणत्याही टाकीत त्याचे आयुष्य पुरे होणे अशक्य आहे, आणि तो विकत न घेणे हाच त्याच्यावरचा उपकार. काही मासे दुकानात येण्याआधीच जायबंदी केलेले असतात. आपल्याच देशातल्या पारदर्शक काचमाशाला सुईने गुलाबी-निळा रंग टोचून विकण्याची पद्धत अजूनही दिसते. तो रंग काही महिन्यांत उतरतो, जखमांतून शिरलेला रोग मात्र राहतो. गोल पोटाचे, आखूड कण्याचे शोभिवंत गोल्डफिश लांब शेपटीच्या साध्या गोल्डफिशपेक्षा कमी जगतात, कारण त्या घडणीत त्यांची आतडी आणि हवेची पिशवी दाटीने बसवलेली असतात. दिसायला ते कितीही मोहक असले तरी पहिला मासा घेणाऱ्याला मी साधाच घ्यायला सांगते.

आणि या सगळ्यातून निभावून मासा खरोखर म्हातारा झाला, तर ते कसे दिसते? राजारामपुरीत एका मैत्रिणीकडे एक चंदेरी एंजल आहे, तिच्या हिशेबाने नऊ वर्षांचा. त्याच्या डोळ्याच्या बाहुलीवर दुधाळ साय आली आहे. पाठीचा कणा शेपटीकडे किंचित वाकला आहे, आणि पूर्वीचे ठसठशीत काळे पट्टे आता धुतलेल्या शाईसारखे फिके आहेत. खाणे टाकले की तरुण मासे झेपावतात, हा मात्र क्षणभर थांबतो, दाण्याच्या दिशेने तोंड वळवतो, पहिल्यांदा हुकतो, मागे सरकतो आणि दुसऱ्यांदा अचूक उचलतो. मैत्रीण त्याच्यासाठी दाणे पाण्यात भिजवून मऊ करते आणि इतरांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला गुंतवून ठेवते. तिने फिल्टरचा झोत काचेकडे वळवला आहे, म्हणजे त्याला प्रवाहाशी झगडावे लागत नाही, आणि दिवा सकाळी एकदम न लावता आधी खिडकीचा पडदा उघडते. म्हाताऱ्या माशाला औषधे लागत नाहीत. उलट थोडा अशक्त दिसला म्हणून घातलेले मीठ आणि निळे औषध त्याला सोसत नाही. पाणी एका वेळी कमी बदलावे, तापमानात एकदम फरक पडू देऊ नये, आणि टाकीची मांडणी बदलू नये, कारण अंधुक दिसणारा मासा जागा पाठ झाल्यामुळेच वावरत असतो.

दीर्घायुषी माशाची खरी अडचण ही की तो अनेकदा घरच्यांच्या हौसेपेक्षा जास्त जगतो. मुले शिकायला पुण्याला जातात, बदली होते, घर रंगवायला काढतात, आणि मग तो वाढलेला ऑस्कर किंवा सकर कोणाला नको असतो. अशा वेळी त्याला रंकाळ्यात किंवा कळंब्यात सोडून देणे पुण्याचे वाटते. तसे करू नये. टाकीत वाढलेले बहुतेक मासे तिथे मरतात, आणि जे जगतात ते अधिक नुकसान करतात. सकर मासा भारतातल्या अनेक जलाशयांत असाच पसरला आहे, स्थानिक माशांचे अन्न खातो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. बहुतेक दुकानदार मोठा मासा परत घेतात, निदान कोणाकडे मोठी टाकी आहे ते त्यांना ठाऊक असते. त्याहून चांगले म्हणजे घेतानाच वयाची चौकशी करावी: या जातीचा मासा किती वर्षे जगतो, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, आणि आता याचे वय किती? हे तीन प्रश्न ऐकून दुकानदार थोडा चमकतो, पण चांगला असेल तर उत्तर देतो, आणि ठाऊक नसेल तर पुढच्या खेपेला विचारून ठेवतो. मी जिथून मासे घेते त्या मामांनी आता टाक्यांवर किमतीच्या खाली आयुष्याची वर्षेही खडूने लिहायला सुरुवात केली आहे. गप्पीच्या टाकीवर २ लिहिलेले आहे, गोल्डफिशच्या टाकीवर १५.